तापाच्या रुग्णाची कातडीही पाहा

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला लाल कोळी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. त्याच कोळ्याचे भाऊबंद जनावरांच्या अंगावर राहतात आणि संधी मिळाली की माणसालाही चावतात, याकडे मात्र आपलं लक्ष नसतं. खरजुल्या कुत्र्याला जवळ घेतलं किंवा खिडकीतल्या घरट्यातून कबुतरं उडून गेली की घरात खाज सुटते. हे जीव माणसाच्या अंगावर वंश वाढवू शकत नाहीत. म्हणून नुसती मलमं चोळून भागत नाही. कुत्र्यावर उपचार झाले, रिकामं घरटं काढलं की त्रास आपोआप ओसरतो. उंदीर-घुशींवर पोसणाऱ्या चिगर माइट या कोळ्याची गोष्ट वेगळी आहे. गवत-झुडपांत दबा धरून बसलेली त्याची अळी जेमतेम पाव मिलिमीटरची असते. ती रक्त पीत नाही. लाळेने कातडीच्या पेशी विरघळवून तो रस शोषते आणि त्याच वेळी स्क्रब टायफसचे जंतू शरीरात सोडते. 2018च्या पावसाळ्यात या आजाराने नागपूरसह विदर्भात माणसं दगावली.

चावल्यावर साधारण दहा दिवसांनी ताप चढतो. चावल्याच्या जागी सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली धरते. ती बहुधा काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली असते. दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे रुग्ण स्वतःहून सांगत नाही. पावसाळ्यात आधी डेंग्यू-मलेरिया तपासतात, ते योग्यच आहे. पण प्लेटलेट या आजारातही उतरतात आणि डेंग्यूचा अहवाल निगेटिव्ह आला की शोध तिथेच थांबतो, हे मला धोक्याचं वाटतं. खपली प्रत्येकाला दिसत नाही, असा आक्षेप घेतला जाईल. तो खरा आहे. खपली नाही म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही. पण दिसली तर निदान जवळजवळ हातात येतं, आणि ती शोधायला एक पैसा लागत नाही. रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी पहिल्या काही दिवसांत चकवू शकते, म्हणून दाट शंका असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू करतात. हे औषध जुनं आणि स्वस्त आहे. पेनिसिलिनच्या जातीची औषधं इथे चालत नाहीत, कारण हे जंतू आपल्या पेशींच्या आत राहतात. अँटिबायोटिक उगाच देऊ नये, हे मान्यच. म्हणूनच गोळी मनाने न घेता डॉक्टरांकडून घ्यावी.

इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे भाताच्या बांधावर किंवा गवत कापायला जाणाऱ्यांनी अंगभर कपडे घालावेत, परतल्यावर ते धुवावेत आणि साबणाने आंघोळ करावी. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत ताप आला, तर आपण गवतात होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.