खडूच्या टेकड्यांवरची वहिवाट

दक्षिण इंग्लंडमधल्या रिजवे या पायवाटेची ओळख ब्रिटनमधली सर्वांत जुनी वाट, पाच हजार वर्षांची, अशी करून दिली जाते. एवबरीजवळच्या ओव्हर्टन हिलपासून आयव्हिंगो बीकनपर्यंत ती १३९ किलोमीटर जाते. वाटेत नवाश्मयुगातलं दफनस्थान लागतं, चर खोदून त्यात पांढरा खडू ठासून आखलेला अफिंग्टनचा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा घोडा लागतो, त्यामुळे दावा सहज पटतो. पण ती इतकी जुनी आणि अखंड असेल का, याबद्दल पुरातत्त्वाच्या अभ्यासकांत शंका आहेत. शिवाय अठराव्या शतकापर्यंत ही एक वाट नव्हतीच. चिखल झाला की लोक थोडं बाजूने जात, असा तो अनेक वाटांचा रुंद पट्टा होता. जमिनींना कुंपणं घालण्याचे कायदे आले आणि बांधांमध्ये तिची जागा कायम झाली. तेव्हा इथून आज कुणालाही चालता येतं याचं श्रेय प्राचीनतेपेक्षा कायद्याला द्यायला हवं.

यावर कुणी म्हणेल, श्रेय या टेकड्यांच्या दगडाचं, म्हणजे खडूचं. त्यात तथ्य आहे. समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांच्या कवचांचा चुरा लाखो वर्षं तळाशी साचून हा खडू झाला. तो साचायचा थांबला साधारण त्याच सुमारास आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता. खडूत पाणी झिरपून जातं. खोऱ्यातली चिकणमाती पावसात पाय धरून ठेवते, माथा मात्र बऱ्यापैकी कोरडा राहतो, म्हणून गुरं-मेंढरं हाकणारे वरूनच जात. मुरलेलं पाणी पायथ्याशी झऱ्यांनी बाहेर येतं, म्हणून गावं खाली वसली, आणि आजही पाण्यासाठी चालणाऱ्याला बहुधा खालीच उतरावं लागतं. एवढं सगळं दगडाने केलं. पण वाट का पडली हे त्यातून कळतं, का टिकली हे नाही. याच टेकड्यांवर मेंढ्यांनी शतकानुशतकं चरून राखलेलं, एका चौरस मीटरमध्ये चाळीसपर्यंत जातींच्या वनस्पती मिळू शकतील असं गवताळ रान होतं. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर धान्यासाठी त्याचा बहुतांश भाग नांगराखाली गेला. दगड तोच, मालक तेच. वाटेवर जनतेचा हक्क होता, गवताला तसं कुणी वाली नव्हतं.

हा हक्क कागदावर पक्का झाला १९४९ च्या कायद्याने. त्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या काउंटी कौन्सिलांना सार्वजनिक वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले आणि लांब पल्ल्याच्या वाटा आखायची सोय केली. त्यातूनच साउथ डाउन्स वे १९७२ मध्ये, रिजवे १९७३ मध्ये, नॉर्थ डाउन्स वे १९७८ मध्ये खुली झाली. वीस वर्षं लोक उघडपणे, परवानगी न मागता चालत आले, तर मालकाने वाट जनतेला दिली असं कायदा सहसा धरून चालतो. आपल्याकडेही वीस वर्षांच्या वहिवाटीने रस्त्याचा हक्क मिळतो, पण तो बहुधा शेजारच्या शेतकऱ्याला, स्वतःच्या शेतात जाण्यापुरता. तिथे तो परक्या वाटसरूलाही मिळतो, आणि वापर थांबला म्हणून बुडत नाही.

शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही: उघडी राहिलेली फाटकं, मेंढ्यांमागे धावणारी कुत्री त्यालाच निस्तरावी लागतात. शेतामधून जाणारी वाट नांगरली, तर पहिल्या मशागतीनंतर चौदा दिवसांत पूर्ववत करण्याची जबाबदारीही त्याचीच. पण हक्क फक्त त्या रेषेवरून जाण्याचा आहे. मालकाला न विचारता तंबू ठोकता येत नाही. उलट मला तो अपुराच वाटतो. २००० च्या कायद्याने डोंगर, माळ आणि या टेकड्यांवरची मोकळी राने फिरायला खुली केली, तरी त्यात इंग्लंडची जेमतेम आठ टक्के जमीन आली. स्कॉटलंडने मात्र २००३ मध्येच बहुतेक सगळ्या जमिनीवर जबाबदारीने फिरण्याचा हक्क देऊन टाकला.