रंगाआधी नट

नागपूरच्या सदर भागातल्या शासकीय तंत्रनिकेतनाचा इतिहास १९१४ पर्यंत मागे जातो. तिथून फार लांब नाही ती मोतीबाग, म्हणजे छोट्या लाइनचा रेल्वे कारखाना. आणि गांधीसागराजवळ १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेली एम्प्रेस मिल. शिक्षण, रेल्वे आणि कापड, तिन्ही कामं वेगळी. पण फिटरचा बेंच आणि त्यावर बोल्टांनी आवळलेला बिडाचा व्हाइस यांच्यावाचून त्यातलं एकही चाललं नसतं. मिलच्या जागी आता मॉल आहे, नागपूर–छिंदवाडा छोटी गाडी २०१५ च्या अखेरीस थांबली, मोतीबागेत २००२ पासून संग्रहालय आहे. अशा शहरात जुनी अवजारं भंगारात निघणार आणि काही हौशी मंडळी ती उचलून घरी नेणार, हे ओघानंच आलं. या मंडळींचं एक ठरलेलं वाक्य असतं: ‘जुनं लोखंडच वेगळं हो, आता तसं मिळत नाही.’ हे वाक्य मला पटत नाही. जुना व्हाइस जपण्याजोगा असतो, पण लोखंडामुळे नव्हे. तो कुठे झिजायचा हे त्याच्या रचनेतच ठरलेलं असतं, आणि नेमका तो भाग बदलता येतो, म्हणून.

आधी त्या लोखंडाचंच पाहू. जुन्या व्हाइसचं धड बहुधा करड्या बिडाचं असतं. त्यात साधारण तीन टक्के कार्बन असतो आणि बराचसा ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात धातूभर पसरलेला असतो. दाब आला तर या पापुद्र्यांनी फारसं बिघडत नाही. ताण आला की त्यांतला प्रत्येक पापुद्रा तयार भेगेसारखा वागतो. म्हणून करडं बीड दाबाला ताणाच्या तीन-चार पट टिकतं. व्हाइसमध्ये काम आवळलं की ते दोन्ही जबड्यांना बाहेर ढकलतं, आणि जबड्याच्या आतल्या अंगाला, अगदी बुडाशी, ताण येतो. व्हाइस मोडतो तो बहुतेक वेळा तिथेच, आणि जुने कारागीर त्या जागी बीड जाड का ठेवत हेही त्यावरून कळतं. १९४० च्या दशकात बिडात थोडं मॅग्नेशियम मिसळून ग्राफाइटचे गोळे बनवण्याची रीत सापडली. असं बीड चटकन तडकत नाही, आधी वाकतं. म्हणजे निव्वळ धातू म्हणून पाहिलं तर आजचं चांगलं बीड पणजोबांच्या बिडापेक्षा सरस आहे. मग जुने व्हाइस इतके दणकट कसे दिसतात? कारण जे तडकायचे होते ते केव्हाच भट्टीत गेले. आपल्या हाती उरले ते परीक्षेत पास झालेले, आणि त्यांच्यावरून आपण सगळ्या वर्गाची हुशारी ठरवतो.

आता मळसूत्राकडे या, खरी गंमत तिथे आहे. समजा दांड्याचं टोक मधल्या स्क्रूपासून २०० मिलिमीटरवर आहे आणि एका फेऱ्यात जबडा ६ मिलिमीटर सरकतो. हात १२५६ मिलिमीटर फिरतो आणि जबडा ६, म्हणजे कागदावर जोर दोनशे पटींहून जास्त वाढतो. प्रत्यक्षात त्यातला पाचवा हिस्सा पदरी पडला तरी पुष्कळ. बाकीचा घर्षणात जातो. तरीही २० किलो जोरानं दांडा ओढणारा माणूस जबड्यांत आठशे किलोच्या आसपास पकड निर्माण करतो. आणि घर्षणात गेलेला जोर वाया गेला असंही नाही. ज्या स्क्रूत निम्म्याहून अधिक मेहनत घर्षण खातं, तो उलट्या दिशेनं आपोआप फिरत नाही. हात सोडला तरी काम आवळलेलं राहतं ते त्यामुळेच. या सोयीची किंमत झिजेनं चुकवावी लागते. आटे एकमेकांवर घासतात, आणि स्क्रू पोलादाचा व नट बिडाचा किंवा गनमेटलचा असल्यानं नट आधी झिजतो. जुन्या चांगल्या रचनेत हा नट धडात ओतलेला नसतो. तो स्वतंत्र तुकडा म्हणून आत बसवलेला असतो. जबड्यांच्या दातेरी पट्ट्याही स्क्रूनं बसवलेल्या. दांडा मुद्दाम मऊ पोलादाचा, म्हणजे कुणी अतिउत्साहानं त्यावर पाइप चढवून लोंबकळला तर धड फुटण्याआधी दांडा वाकावा. यॉर्कशायरमधल्या शिपलीचे पार्किन्सन ‘पर्फेक्ट’ घ्या की शेफिल्डचे ‘रेकॉर्ड’, त्यांच्या नावाला भाव मिळतो तो मिळो. मला त्यांत दिसतो तो हा हिशेब. पार्किन्सनचा झटकन उघडणारा अर्धा नट मात्र या हिशेबात जरा महाग पडतो, कारण त्याचे आटे झिजले की पकड ऐन जोराच्या क्षणी सुटते.

हे मान्य केलं तर दुरुस्तीचा क्रमच बदलतो. सध्याची हौस रंगापासून सुरू होते: गंज घासा, लांबी भरा, चकचकीत निळा मारा, फोटो काढा. पण लांबी आणि रंग यांच्याखाली भेग उत्तम लपते, आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. पहिलं काम म्हणजे जबड्याचं बूड उघडं करून पाहणं. त्यासाठी रेल्वे कारखान्यांतली जुनी युक्ती आजही पुरते. भाग रॉकेलमध्ये मुरवायचा, कोरडा पुसायचा, वर खडूची भुकटी फासायची आणि थांबायचं. भेगेत शिरलेलं रॉकेल खडूत झिरपून ओली रेघ उमटते. धडाला आरपार भेग असेल तर हौशी माणसानं वेल्डिंगच्या नादी लागू नये. गार बिडावर वेल्डिंग केलं की टाक्याशेजारचा पट्टा झपाट्यानं थंड होतो, काचेसारखा ठिसूळ बनतो आणि पुन्हा तडकतो. सावकाश तापवून पितळी झाळ देणं जमतं, पण तेही सवयीच्या हाताचं काम. त्यानंतर नट. स्क्रू हातानं मागेपुढे ढकलून किती खेळतो ते पाहावं. आटे निम्म्यावर आले असतील तर लेथवाल्याकडून गनमेटलचा नवा नट कापून घ्यावा. इथे एक खोच आहे. आपला मेट्रिकचा कायदा १९५६ चा, त्यामुळे त्याआधीचे व्हाइस बहुधा इंची मापाचे. शिवाय ब्रिटिश बोल्टांचे आटे व्हिटवर्थनं १८४१ मध्ये सुचवलेल्या ५५ अंशांचे असतात, मेट्रिक ६० अंशांचे. दिसायला सारखा मेट्रिक बोल्ट जोरानं पिळला की चांगलं बीड हकनाक खराब होतं.

गंजाच्या बाबतीत नागपूरकर नशीबवान आहेत. हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्यानं गंजू लागतं. इथे एप्रिल-मे महिन्यांतल्या दुपारी ती वीस टक्क्यांच्या आसपास उतरते, आणि किनाऱ्यावरची खारी हवाही नाही. म्हणून इथला गंज पुष्कळदा वरवरचा निघतो. (वर्कशॉपमध्ये कूलर थेट व्हाइसवर सोडला असेल तर हे सगळं विसरा.) धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बारा व्होल्टचा चार्जर लावला, व्हाइस ऋण टोकाला आणि भंगार लोखंडी पत्रा धन टोकाला जोडला, की गंज सुटा होतो आणि धातू खाल्ला जात नाही. पत्रा स्टेनलेसचा नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हायड्रोजन निघत असल्यानं काम उघड्यावरच करावं. जबड्यांच्या कडक पट्ट्या तीव्र आम्लात बुडवू नयेत, कारण कडक पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे: एवढा खटाटोप कशाला, भंगार वितळवूनही नवं बीड होतंच की. होतं, आणि स्वस्तात होतं. इंडक्शन भट्टीत एक टन बीड वितळवायला पाच-सहाशे युनिट वीज लागते, म्हणजे २० किलोच्या व्हाइसला दहा-बारा युनिट. ऊर्जा वाचवतो म्हणून जुना व्हाइस जपतो असं कुणी सांगितलं तर तो युक्तिवाद लंगडा आहे. भट्टीत जातं ते लोखंड नव्हे, त्यावरचं काम: समांतर रंधलेल्या सरकपट्ट्या, स्क्रूशी काटकोनात बसलेले जबडे, सगळ्या भागांची एकमेकांशी जुळलेली मापं. याच कारणानं धड फुटलेला, सरकपट्ट्या खाऊन गेलेला व्हाइस खुशाल भट्टीत जाऊ द्यावा, त्यावर कितीही मोठं नाव ओतलेलं असो. दुसरा आक्षेप संग्राहकांचा: मूळ रंग खरवडला की इतिहास गेला. त्यांच्याशी मी निम्मा सहमत आहे, आणि माझं कारण वेगळं. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता दाट असते. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आली तीच २०१६ च्या नियमांनी. तो रंग कोरडा घासला की शिशाची धूळ थेट छातीत जाते. घट्ट बसलेला असेल तर राहू द्यावा. सुटत असेल तर ओला करून काढावा, आणि नवा रंग सरकपट्ट्या, स्क्रू आणि पट्ट्यांमागची बैठक सोडून बाकी धडाला द्यावा.