विश्लेषण : पिशवी सळसळली की घोडा का उधळतो? ही भीती कशी मोडतात?

वरातीत किंवा माथेरानच्या वाटेवर घोडा अचानक बिचकला, की अनेकदा त्याला पहिला चाबूक बसतो. घोडा त्यातून एवढेच शिकतो, की पिशवी दिसली की मार मिळतो. जाणकार प्रशिक्षक पाठीवर बसण्याच्या आधीच, जमिनीवर उभे राहून, त्याला दोरी, चाबूक आणि झेंडीची सवय लावतात. ती लावतात कशी आणि फसते कुठे?

घोडा इतका बिचकतो का?

घोडा पळून जीव वाचवणारे जनावर आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळपास चहूकडचे दिसते. नाकापुढचे अगदी जवळचे आणि शेपटीमागचे तेवढे दिसत नाही. त्यामुळे पायामागे सरपटणारी दोरी किंवा पाठीवरून पलीकडे गेलेली काठी त्याला धोक्याची वाटते. आधी पळायचे, मग बघायचे, हा त्याचा स्वभाव.

सवय कशी लावतात?

साधने साधीच असतात. मोरकीला लावलेली लांब दोरी, घोड्याला गोल फिरवताना वापरायचा लांब चाबूक आणि टोकाला कापड किंवा प्लास्टिक बांधलेली काठी. घोडा खुंटीला बांधायचा नाही, दोरी सैल ठेवायची. तिचा वेढा हाताला घ्यायचा नाही. घोडा उधळला तर बोटे जातात. माणसाने खांद्याजवळ उभे राहायचे.

घोडा नुसते कान टवकारेल इतक्या अंतरावरून काठी हलवायला सुरुवात होते. त्याचे पाय थांबले, मान खाली आली, की काठी लगेच खाली. काठी खाली जाणे हेच बक्षीस. मग खांदा, पाठ आणि शेवटी पाय व चेहरा. डावीकडचे झाले की उजवीकडे सगळे पुन्हा पहिल्यापासून.

चूक कुठे होते?

नेमकी काठी खाली घेण्याच्या वेळेत. घोडा मागे सरकला, की माणूस घाबरून काठी बाजूला घेतो. घोड्याचा हिशेब सरळ असतो : पळालो, ती वस्तू गेली. दुसऱ्या दिवशी तो जास्त जोराने पळतो. म्हणून तो हलला तरी काठी त्याच अंतरावर, त्याच वेगाने हलत ठेवायची. तो खरोखरच उधळत असेल, तर सुरुवातच फार जवळून झाली, असे समजावे.

एकदम अंगावर घालून भीती मोडत नाही का?

काही वेळा मोडते, पण भरवसा नाही. २००६ मध्ये क्रिस्टेन्सन आणि सहकाऱ्यांनी डॅनिश वॉर्मब्लड जातीच्या, दोन वर्षांच्या २७ घोड्यांवर हे तपासले. भीतीची वस्तू होती हलणारी नायलॉनची पिशवी. काहींना ती थेट दाखवली, काहींना टप्प्याटप्प्याने, काहींना खाद्याची जोड देऊन. टप्प्याटप्प्याने शिकलेले घोडे कमी वेळा पळाले, कमी सत्रांत शिकले आणि सगळेच्या सगळे सरावले. बाकीच्या गटांतले काही सरावलेच नाहीत. वागणे शांत झाल्यावरही हृदयाच्या ठोक्यांतला फरक मात्र टिकून होता.

हे शेवटचे निरीक्षण महत्त्वाचे, कारण गप्प उभा घोडा शांतच असतो असे नाही. मान ताठ, नाकपुड्या फुगलेल्या, नजर एकटक असेल तर तो थिजलेला असतो आणि असा घोडा न सांगता उसळतो. पापण्या मिटणे, तोंड चघळणे, मागचा एक पाय सैल सोडणे या खुणा बऱ्या.

मग चाबकाला तो जुमानेल का?

जुमानतो. प्रशिक्षक सैल उभा असेल आणि चाबूक अंगावरून फिरत असेल, तर दुर्लक्ष करायचे. तो ताठ होऊन चाबूक मागच्या पायांकडे उचलत असेल, तर चालायचे. हा फरक घोड्याला चांगला कळतो, फक्त माणसाने दोन्हींची सरमिसळ करू नये.

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. गिऱ्हाईक दात बघते, भोवरे बघते, चाल बघते. दोरी सैल सोडून घोड्याच्या दोन्ही खांद्यांवरून एक रिकामी पिशवी फिरवून दाखवा, एवढे मालकाला सांगून बघायला हरकत नाही.