मेजावरील लाखेचे रोगण

चेन्नईच्या दक्षिण भागात, पळ्ळिकरणैच्या पाणथळ भूमीला लागून पेरुंगुडी वसली आहे. पूर्वेस थोड्याच अंतरावर समुद्र आहे. अशा दमट हवेत जुन्या सागवानी मेजाचा पृष्ठभाग निस्तेज झाला, त्यावर पेल्यांची पांढरी वर्तुळे उमटली, की लाकूडच नासले असे समजून रंधा चालविण्याचा मोह होतो. वस्तुतः पुष्कळदा लाकूड शाबूत असते. बिघडलेले असते ते त्यावरील रोगणाचे पातळ आवरण.

हे आवरण कशाचे आहे ते प्रथम ओळखावे. मेजाच्या आडबाजूस स्पिरिटने भिजविलेली चिंधी थोडा वेळ दाबून धरावी. आवरण चिकट होऊन सुटू लागले, तर ते बहुधा लाखेचे होय.

लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढणाऱ्या एका लहानशा कीटकाचा स्राव. तो शुद्ध करून केलेल्या पापुद्र्यांना चपडा म्हणतात. लाखेच्या संशोधनासाठी १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे स्वतंत्र संस्था स्थापन झाली. चपडा स्पिरिटात विरघळतो, आणि विशेष हे की, वाळलेला थरही पुन्हा विरघळतो. त्यामुळे नवा थर जुन्यात एकजीव होतो व सारे आवरण खरवडण्याचे श्रम वाचतात.

काम करताना अडचण येते ती हवेची. स्पिरिट उडून जाताना पृष्ठभागाची उष्णता घेते. पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते आणि ओल्या थरात अडकून तो दुधी दिसू लागतो. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसात, आणि कोकणात आषाढ-श्रावणात, हा अनुभव हमखास येतो. तेव्हा कोरडा दिवस निवडावा हेच श्रेयस्कर.

मळ पुसून, बारीक पॉलिश-कागद लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच हलक्या हाताने फिरवावा. आडवा फिरविल्यास पडणारे ओरखडे पारदर्शक रोगणाखाली अधिकच उठून दिसतात. मग कापसाचा बोळा सुती फडक्यात गुंडाळून पातळ द्रावणाचे अनेक थर द्यावेत व प्रत्येक थर वाळू द्यावा. बोळा एका जागी थांबला, की खालचा थर विरघळून उचकटतो. मेजावर पातळ सागवानी पत्रा चिकटविलेला असेल, तर कागदही जपूनच वापरावा. पॉलिशचे स्पिरिट ज्वालाग्राही असते व त्यात विषारी मिथिल अल्कोहोल असू शकते. म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळ चूल वा दिवा नसावा.