सात मिनिटं आणि दीडशे वर्षं

नॉर्थफील्डमध्ये वारा कुठून येतोय ते आधी नाकाला कळतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसच्या दक्षिणेला साठ-पासष्ट किलोमीटरवर, कॅनन नदीच्या दोन्ही तीरांवर हे गाव वसलंय. इथे न्याहारीच्या सीरियलचा मोठा कारखाना आहे. एखाद्या सकाळी भाजलेल्या धान्याचा खमंग वास येतो, एखाद्या दुपारी चॉकलेटचा. आज कारखान्यात कोणता माल निघतोय, हे मुरलेले गावकरी वासावरून सांगतात. गावातली दिवसाची पहिली बातमी ही अशी, छापावी न लागणारी.

या वासाचं मूळ ‘माल्ट-ओ-मील’मध्ये. गहू आणि माल्ट केलेलं बार्ली यांचा हा भरडा. शिजवला की आपल्या पातळ सांज्याच्या जवळ जातो. १९१९मध्ये जवळच्याच ओवाटोना गावी त्याचा जन्म झाला आणि १९२७मध्ये कंपनी नॉर्थफील्डच्या एम्स मिलमध्ये आली. नदीच्या बंधाऱ्यालगतची ही पिठाची गिरणी १८६९ची. २०१५मध्ये पोस्ट या मोठ्या कंपनीनं हा धंदा विकत घेतला. वास तोच राहिला.

गावाचं ब्रीद आहे ‘गायी, कॉलेजं आणि समाधान’. क्रम लक्षात घ्यावा, गायी पहिल्या. सुरुवातीला इथले शेतकरी गहू काढत. पुढे ते दुभत्याकडे वळले आणि काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन गायींमुळे गावाचं नाव दूरवर गेलं. गायी आता गावाबाहेर गेल्या, कॉलेजं मात्र वाढली. कार्लटन १८६६चं, सेंट ओलाफ १८७४चं. पहिलं काँग्रिगेशनल पंथीयांनी काढलं, दुसरं नॉर्वेतून आलेल्या लुथरन शेतकऱ्यांनी आणि धर्मगुरूंनी. २०२०च्या जनगणनेत गावाची वस्ती २० हजार ७९० भरली. त्यात दोन्हीकडचे मिळून पाचेक हजार विद्यार्थी. म्हणजे रस्त्यात भेटणारा साधारण चौथा माणूस परीक्षेच्या काळजीत असतो.

दोन कॉलेजं म्हटली की चुरस आलीच. चौकात यादवी युद्धातल्या सैनिकांचं स्मारक आहे, त्याच्या माथ्यावर गरुड. फुटबॉलचा सामना जो जिंकेल त्याच्या दिशेला गरुडाचं तोंड फिरवायचं, अशी इथली रीत. १९७७मध्ये तर या दोघांनी यार्डांचं मैदान सोडून मीटरांत आखलेल्या मैदानावर सामना खेळला. अमेरिका आता मेट्रिक पद्धत स्वीकारणार, अशी तेव्हा हवा होती. सेंट ओलाफनं ४३-० असा धुव्वा उडवला. अमेरिकेनं मीटर काही स्वीकारला नाही. नॉर्थफील्डच्या गप्पांत तो अजून टिकून आहे.

बाकी गावच्या बातम्या म्हणजे घरकामाच्या यादीसारख्या. हिवाळ्यात बर्फ उपसणारी यंत्रं फिरायची असली की रस्त्यावर गाडी ठेवू नका. घरापुढच्या पदपथावरचा बर्फ ज्याचा त्यानं काढावा. गिरणीजवळचा बंधारा ठेवायचा की काढून नदी मोकळी करायची? सप्टेंबर २०१०मध्ये कॅननला पूर येऊन पाणी बाजारपेठेच्या काठाशी भिडलं होतं, त्यामुळे हा प्रश्न निव्वळ कागदी नाही. आपल्या वाचकाला चकित करील अशी एक गोष्ट म्हणजे इथलं दारूचं दुकान नगरपालिकेचं आहे. दारूबंदी १९३३मध्ये उठल्यावर विक्रीवर लगाम राहावा म्हणून मिनेसोटातल्या बऱ्याच गावांनी दुकान स्वतःच्या हाती ठेवलं. नफा गावाच्या तिजोरीत जातो. रुग्णालयही गावाच्याच मालकीचं. त्यामुळे नगरपालिकेच्या बैठकीत एकाच गावाला दुकानदार, दवाखानदार आणि झाडूवाला अशा तिन्ही भूमिका वठवाव्या लागतात.

याच हिशेबी मुलखात, जवळच्या नरस्ट्रँडच्या शेतावर वाढलेला आणि १८८०मध्ये कार्लटनमधून पदवीधर झालेला थॉरस्टीन व्हेब्लेन पुढे अर्थतज्ज्ञ म्हणून गाजला. श्रीमंतांच्या दिखाऊ उधळपट्टीला त्यानं १८९९च्या आपल्या ग्रंथात नाव दिलं आणि तिची भरपूर थट्टा केली. काटकसरी नॉर्वेजियन शेतकऱ्याच्या पोराला ती नजर कुठून आली, ते या भागात चार दिवस राहिलं की उमगतं.

मात्र जगाच्या वर्तमानपत्रांत हे गाव गेलं ते सात मिनिटांपुरतं. ७ सप्टेंबर १८७६, गुरुवार. मिझुरीहून आलेली जेसी जेम्स आणि यंगर बंधूंची आठ जणांची टोळी फर्स्ट नॅशनल बँकेवर चालून आली. मुख्य रोखपाल फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनाला गेला होता. त्याच्या जागी जोसेफ ली हेवुड हा हिशेबनीस बसला होता. तो कार्लटनचाही खजिनदार. तिजोरी उघड, म्हणून त्याला दरडावलं, मारलं. वेळेच्या कुलपामुळे ती उघडता येणार नाही, असं तो सांगत राहिला. खरं तर तिजोरीला कुलूप घातलेलंच नव्हतं; दरोडेखोरांनी मूठ फिरवून पाहिली नाही, एवढंच. जाता जाता त्यांनी हेवुडला गोळी घातली.

बाहेर तोवर गाव जागं झालं होतं. हार्डवेअरचा दुकानदार मॅनिंग बंदूक घेऊन धावला. सुट्टीवर आलेला वैद्यकीचा विद्यार्थी व्हीलर समोरच्या हॉटेलच्या खिडकीतून नेम धरून बसला. ज्यांच्याकडे बंदूक नव्हती त्यांनी दगड मारले. दोन दरोडेखोर रस्त्यात पडले. नुकताच स्वीडनहून आलेला निकोलस गुस्ताफसन त्या गोळीबारात सापडला. रस्त्यावरून हटा, हा इंग्रजी हुकूम त्याला कळलाच नाही. काही दिवसांनी तो दगावला. टोळीच्या हाती लागलेली रक्कम २७ डॉलरही भरली नाही. दोन आठवड्यांनी मॅडेलियाजवळ तिघे यंगर भाऊ पकडले गेले, त्यांचा एक साथीदार मारला गेला. जेसी जेम्स आणि त्याचा भाऊ तेवढे निसटले.

दर सप्टेंबरला गावच्या उत्सवात हा दरोडा त्याच रस्त्यावर पुन्हा खेळला जातो, घोडे आणि बंदुकांच्या बारासकट. बँकेच्या जुन्या इमारतीत आता संग्रहालय आहे. उत्सवाला नाव मात्र जेसी जेम्सचं दिलेलं नाही, त्याच्या पराभवाचं दिलंय. बाकी अमेरिकेत या दरोडेखोरावर गाणी झाली, सिनेमे निघाले. नॉर्थफील्डनं हिशेबनिसाची बाजू धरली.

ते साहजिकच म्हणायचं. बर्फ कोणी काढला, बंधाऱ्याला खर्च किती, दारूच्या दुकानातून गल्ल्यात काय आलं, याच्या नोंदी ठेवत जगणाऱ्या गावाला आपला माणूस ओळखता येतोच. त्या गुरुवारी टोळी दुसरीकडे वळली असती, तर हेवुडचं नाव फार तर कॉलेजच्या वार्षिक ताळेबंदाखाली सहीपुरतं उरलं असतं. आणि त्यानं संध्याकाळी रोजच्यासारखी रोकड जुळवून बँक बंद केली असती.