शमीच्या बनातली वही

वाळवंटात पाहण्यासारखे काय असणार, असे भारतातून आलेले पाहुणे हमखास विचारतात. आम्ही त्यांना पहाटेच मुशरिफ उद्यानात नेतो. अल बर्शाहून गाडीने साधारण अर्धा तास. तेथे घाफचे नैसर्गिक बन आहे. घाफ म्हणजे आपण दसऱ्याला पूजतो ती शमीच! २००८ साली तिला अमिरातीच्या राष्ट्रीय वृक्षाचा मान मिळाला. मुळे खोल पाण्यापर्यंत जातात, म्हणून भर उन्हाळ्यातही ती हिरवी असते.

बनात नीळपंख, हुदहुद, टिटवी, बुलबुल भेटतात. साळुंकी आणि पोपट मात्र मूळचे इथले नव्हेत. माणसाबरोबर आले आणि रुजले, आपल्यासारखेच! ते कुठवर पसरले हे आज सांगता येते, कारण कोणीतरी वेळोवेळी लिहून ठेवले.

नोंद कशी करावी? आमच्या प्रयोगशाळेतला नियम इथेही लागू. तारीख, वेळ, जागा, पक्ष्याची जात व संख्या जागच्या जागी लिहावी. जात ओळखली नाही, तर अंदाज न ठोकता चोच, रंग आणि चाल यांचे वर्णन करावे. नेहमीची साळुंकीही मोजावी. पुढे ती कमी झाली, तर दाखवायला आकडे हवेत ना? घरी आल्यावर यादी 'ई-बर्ड' या जागतिक नोंदवहीत भरता येते.

आपली मुले शाळा संपली की येथून जातात. त्यांनी केलेली नोंद मात्र इथल्या कामी येत राहील. तेव्हा मंडळी, मुलांच्या हाती एकेक वही द्या. सुरुवात अल बर्शाच्या तळ्याकाठच्या बागेतूनही करता येईल.