सैल झालेली माशी

दापोली तालुक्यातील बागायतदाराच्या घरी रानडुकरे व वानरे यांच्या उपद्रवास्तव शेतसंरक्षणाच्या परवान्यावर ठेवलेली ठासणीची बंदूक ही नवलाची वस्तू नव्हे; परंतु तिच्या नळीच्या टोकाशी असलेली नेम धरण्याची माशी खाऱ्या हवेने डुगडुगू लागली, तरी तिची दखल क्वचितच घेतली जाते. छऱ्यांच्या पसाऱ्यात ही हयगय खपून जाते, पिस्तुलात मात्र मुळीच नाही. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले, त्यात माशी व मागील खाच यांमधील अंतर नियमाने फार तर २२० मिलिमीटर असते; सबब माशी अवघी १ मिलिमीटर बाजूस सरकली, की गोळी सुमारे ११ सेंटिमीटर भरकटते आणि अचूकतेच्या फेरीत दहाऐवजी सहाच गुण पदरी पडतात.

आडव्या खाचेत बसणारी माशी सैल झाल्यास कारागीर प्रथम खाचेतील तेल व गंज निपटून काढतो, मूळ जागेची खूण जुळवितो आणि पितळी ठोकणीने ती हलकेच आत सरकवितो. लोखंडी ठोकणी वापरणारा इसम माझ्या मते कारागीरच नव्हे. हे काम परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच द्यावे, कारण १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये दुरुस्तीच्या धंद्यासही परवाना लागतो.